कोठ्याची चाबी अन् डोंगरावरचा चरलेला पट्टा

थांबा, बाकी सारं नंतर. हे मले आत्ताच सांगायचं हाय. उद्यावर ठेवलं तं मी सारवासारव करीन, मले माह्यं माहीत हाय. अजून केसाले धुराचा वास येऊन राह्यला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली म्हणून डाव्या हातानं टाइप करून राह्यली, चुका झाल्या तं समजून घ्या. अन् ज्या ज्या बाईनं, पोरीनं माह्ये व्हिडिओ पाहून बकऱ्या कोठ्यात बंद केल्या अन् वरून कुलूप लावलं, तिनं तं हे पुरं वाचा. मधात सोडू नका.

आज दुपारची गोष्ट. मी नेरले कंप्युटरच्या क्लासमधी बसली होती. फोन वाजला तं चुलत दादा. हा माणूस कधी फोन करत नाई, मिस कॉलच देते. म्हणून उचलला.

"वं, कुठी हायस तू?"

"क्लासमधी. काहून?"

"डोंगराले आग लागली. मोहाच्या झाडापासून सुटली. वारा खाली गावाकडं हाय. तुह्या कोठ्याच्या दिशेनं येऊन राह्यली. चाबी कुठी हाय?"

मी खिशात हात घातला. चाबी माह्याजवळ होती. एक नाई, दोन्ही.

"दादा, कुलूप तोड!"

"कायनं तोडू? मी इकडं शेतात हाय, मले जाले टाइम लागते. अन् तूच तं सांगत फिरतेस, हत्ती आला तरी तुटत नाई म्हणून. तुह्यी माय कुठी हाय?"

मायले फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. मले माहीत होतं तो कुठी वाजून राह्यला ते. घरात, देवळीत, साखरेच्या डब्याशेजारी. माय फोन घेऊन फिरतच नाई. बाबा तूर घेऊन महागावले गेलते, ते रातच्याशिवाय येत नाई. म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठी, जाड जाळीच्या कोठ्यात आमच्या साऱ्या बकऱ्या, धुळवडीसाठी ठेवलेले बोकडं, अन् परवाच जन्मलेले दोन पिल्लं. बाहेरून कुलूप. अन् चाबी घेऊन मी इथी, नेरमधी, थंड्या खोलीत बसून राह्यली.

वही तिथीच सोडली. गाडी काढली.

नेरवरून आमचं गाव म्हणजे नेहमी पाऊण तास. आज किती लागला मले नाई सांगता येत. रस्त्यानं कापसाच्या गाड्या, एक बस, म्हशी, सारं मधात येत होतं. अन् मी हेल्मेटच्या आत एकटीच बडबडत होती. माय तू कुठी हाय, माय तू डोंगरावर नको जाऊ, माय तू कोठ्याजवळ नको जाऊ. कारण मले माहीत होतं, माय बकऱ्या सोडून पळणारी बाई नाई. कुलूप उघडत नाई म्हटलं तं ते हातानं जाळी ओढत बसन.

आता हे कुलूप आलं कुठून ते सांगते, नाई तं तुम्हाले समजणार नाई मी काहून एवढी रडत होती.

दोन वर्षापह्यले मी शेळीपालनाच्या प्रशिक्षणाले गेलती. तीन दिवसात पुरी वही भरली. तिथी सांगतलं का मोकळ्या बकऱ्यांनं डोंगर उघडा पडते, नवीन रोपटं टिकत नाई, माती वाहून नाल्यात जाते. अन् ते खोटं नाई बरं. आमच्या डोंगराचं नाल्यापलीकडचं अंग तसंच बोडखं हाय, लहानपणापासून पाह्यलं मी. त्यामुळं मले एकदम पटलं. घरी आली, बाबाइच्या मागं लागली, कोठा बांधून घेतला. उंच जमीन, जाळी, पाण्याचं टाकं, कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, ठेवाले बाजूले जागा. मांसासाठी बोकडं वाढवायचे तं त्याइले डोंगर कायले चढवायचा? जागेवर सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, थोडी सरकीची ढेप. वजन वाढते, डोंगर वाचते. किती सोपं!

मायनं सारं ऐकलं. मंग विचारलं, "दोन दिवस एका जागी चारायचं अन् मंग पंधरा दिवस तिथी पाय नाई ठेवायचा, हे लिहून देल्लं काय तुह्या वहीत?"

"माय, ते जुनं झालं."

"अन् पट्टा?"

पट्टा म्हणजे आमच्या गावची पद्धत. डोंगरावर मोहाचे झाडं हायेत. मोह पडाले लागला का वेचणारे झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं साफ जमिनीवर पडतात, दिसतात. दरवर्षी कोणाची ना कोणाची आग हातातून सुटते. म्हणून संक्रांत झाली का बकऱ्यावाल्या बाया मोहाच्या खालच्या अंगाले, डोंगराच्या मधातून, आडवा पट्टा चारून घेत. नाल्यापासून तं पायवाटेपर्यंत. रोज तेवढ्यातच फिरवायच्या. बकऱ्या खातात कमी, तुडवतात जास्त, पण दोन महिन्यात तिथी वाळकी कुसळी, म्हणजे पेट घेणारं वाळलं गवत, राहत नाई. माय लहान होती तवापासून हे चालू होतं.

मी म्हटलं, "माय, तुले फक्त फिराले पायजे. पट्ट्याचं नाव सांगून डोंगरावर जाऊन गप्पा मारत बसायच्या."

"हो वं," माय म्हणाली, "मी तिथी बगिच्यातच तं बसतो."

अन् पह्यल्याच आठवड्यात माय बकऱ्या घेऊन डोंगरावर गेली. मी क्लासवरून आली तं कोठा रिकामा. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून कुलूप आणलं. गावात बोकडं चोरी जातात, असं साऱ्याइले सांगतलं. दोन चाब्या होत्या, दोन्ही माह्या रिंगमधी टाकल्या. आज खरं लिहून टाकते. ते कुलूप चोरासाठी नोतं. मायसाठी होतं.

मंग मी व्हिडिओ टाकाले सुरुवात केली. चमकदार बोकड, साफ कोठा, मी मधात उभी. बाया विचारत, ताई काय खाऊ घालतेस? मी सांगत होती. गावातल्या दोन-तीन घरांनी माह्यं पाहून बकऱ्या बांधल्या, काहींनी विकूनच टाकल्या. डोंगरावर बकरी दिसेनाशी झाली. मले वाटलं, जिंकलो. यंदा कुसळी कंबरेएवढी झाली, वाऱ्यानं हलली का सोन्यासारखी दिसे. दिवाळीत त्याचाही व्हिडिओ टाकलता मी, मंग वर कधी चढलीच नाई. "पाहा, डोंगर परत आला."

आज गाडीवरून मले तोच डोंगर दिसला. वळणावरून. पुरं वरचं अंग धुरात गेलतं अन् खालून नारंगी रेघ सरकत होती. लांबून ते हळू दिसते. हळू नसते.

गावात शिरली तं पोट्टे पळसाच्या फांद्या घेऊन वर पळत होते. कोणीतरी ओरडलं, "गाडी नाल्याजवळ नको नेऊ!" मी नेली. नाल्यात गाडी पडली, तिथीच सोडली, पळत वर चढली. डोळ्यात धूर, काही दिसेना. मी कान देऊन ऐकत होती. एवढ्या बकऱ्या कोंडल्या अन् आग पाह्यली तं ओरडतीन ना? एक आवाज नाई. मले वाटलं, झालं. संपलं.

कोठ्याजवळ पोचली तं आग डोंगरावरून नाई, बाजूनं लागली होती. माह्या कुटारात! वरून ठिणग्या उडून आल्या असतीन, कोठ्याच्या बाजूले रचलेला कुटाराचा ढीग पेटला होता. जे मी मायपासून डोंगर वाचवाले आणलं, तेच पेटून कोठ्याले चाटत होतं.

कुलपात चाबी जाईना. घाईत पह्यले रिंगमधली दुसरीच चाबी घातली, मंग कुलपाचीच पण उलटी. "उघड ना रे, उघड ना," मी कुलपाले म्हणत होती. उघडलं. दार ढकललं.

आत कोणी नाई.

मी उभीच राह्यली. कोठा रिकामा. गव्हाणीत सकाळचं कुटार जसंच्या तसं. बकऱ्या नाई, बोकडं नाई. चोरी झाली काय, हाच पह्यला विचार आला, देवाशपथ. आग लागली असताना मले चोर आठवला!

मंग कोपऱ्यातून बारीक आवाज आला. डालं उपडं ठेवलं होतं, त्याखाली ते दोन पिल्लं. बाजूच्या जाळीतून धूर आत येत होता. मी डालं फेकलं, दोघाइले काखेत घेतलं. एकाच्या अंगावर पेटलेली काडी पडली, ते उजव्या हातानं झटकली, तवा बोटं भाजली. अन् वळता वळता दिसलं. मागच्या जाळीचा खालचा कोपरा. तार सोडलेली. तोडलेली नाई, सोडलेली. पुन्हा अडकवता यावी म्हणून तिले आकडा करून ठेवलेला. बकरी आरामात निंगन एवढी जागा. अन् त्या जागेची माती खुराइनं घासून गुळगुळीत झालेली, जशी रोजच्या वाटेची होते.

मी बाहेर आली अन् वर पाह्यलं.

धूर जरा हटला होता. वरून काळं, काळं, काळं. मोहाच्या खाली पुरी कुसळी जळालेली. अन् मंग मधात एकदम, जसं कोणी रेघ ओढली, तिथी काळं थांबलं होतं. त्याच्या खाली आडवा पट्टा, मातीचा, चरलेला, नाल्यापासून तं पायवाटेपर्यंत. आग तिथी येऊन बसून गेलती. जिथी जिथी एखादं झुडूप धुमसत होतं, तिथी माय पळसाच्या फांदीनं हाणत होती. पदर कमरेले खोचलेला, तोंड काळं. अन् तिच्या मागं, खाली नाल्याच्या कोरड्या वाळूत, आमच्या साऱ्या बकऱ्या गोळा होऊन उभ्या. मधात म्हातारी बकरी, जिच्या मागं सारा कळप चालते. तिच्या गळ्यात नेहमीचं घुंगरू नोतं.

मायनं मले पाह्यलं. माह्या काखेतले पिल्लं पाह्यले. अन् दम खात म्हणाली, "आली काय वं बाई? उघडलं काय कुलूप?"

मी तिथीच बसली अन् जोरजोरात रडली. ते म्हणाली, "रडशीन मंग, फांदी घे पह्यले."

संध्याकाळपर्यंत आम्ही हाणत राह्यलो. गावातले तीस-चाळीस जण आले. कुटाराचा ढीग गेला, कोठ्याची एक बाजू गेली. वरचा डोंगर शेंड्यापर्यंत जळाला, ते काही वाचलं नाई. मोहाचे तीन-चार झाडं बुडापासून काळे झाले, पुढच्या वर्षी फुलतीन का नाई माहीत नाई. एक बाई तिथी बसून नुसती पाहत होती, तिचंच वेचायचं झाड होतं ते. पाला कोणी पेटवला ते कोणी विचारलं नाई. साऱ्याइनं कधी ना कधी पेटवलेला हाय. पण पट्ट्याच्या खाली काहीच गेलं नाई. आमचा कळप नाई, खालचे घरं नाई, दादाची तूर नाई.

रात्री जेवताना मी विचारलं, "कधीपासून?"

"तुह्या कुलपाच्या दुसऱ्या दिवसापासून," माय म्हणाली. "तुह्यी गाडी वळणावरून गेली का मी तार सोडो. चारच्या आत आणून पुन्हा अडकवो. घुंगरू काढून ठेवलं, गावाले आवाज जाऊ नये म्हणून."

"अन् कुटार? मी तं रोज पाहो, संपत होतं."

माय भाकर मोडत खाली पाहत होती. तिले हसू येत होतं.

अन् मले सारं एकदम दिसलं. मोठीमाय, म्हणजे माह्या मोठ्या काकाची बायको, दोन वर्षापासून आमच्या घरी लोटाभर दूध पाठवते. मी विचारलं होतं एकदा, मोठीमाय कायले वं एवढं? ते म्हणाली, "अवं, म्हैस खूश हाय." म्हैस खूश राहीन नाई तं काय, दोन वर्षं माह्यं कुटार खाऊन राह्यली ते!

अन् खूर. कोठ्यातल्या जनावराचे खूर वाढतात, दर महिन्या-दोन महिन्यात कापा, असं वहीत लिहिलं होतं. मी कात्री आणली. कधी वापरायची वेळच आली नाई. मले वाटलं माह्या कोठ्याची जमीनच एवढी चांगली! खूर तं डोंगराच्या दगडावर घासत होते. त्याचाही व्हिडिओ हाय, जाऊन पाहू नका. गेल्या आठवड्यात बोरी अरब गावचे मटनवाले चाचा धुळवडीचे बोकडं पाहाले आलते. पाठीवरून हात फिरवला, मांड्या दाबल्या, मंग एकाचा पाय उचलून खूर पाह्यला. म्हणे, "बेटी, हे बोकड डोंगराचं हाय. मांस पाहा कसं भरलं." मी म्हटलं, चाचा, हे कोठ्यातलं हाय, पाय डोंगराले लागला नाई याचा. चाचानं मायकडं पाह्यलं. मायनं चाचाकडं पाह्यलं. चाचा म्हणे, "हो हो, असन." अन् चहा प्याले.

अन् बोराच्या बिया! रोज सकाळी कोठ्यात लेंड्याइमधी बोराच्या बिया दिसत. बकरी बोर खाते, रातच्याले रवंथ करताना बी थुंकते. मी गल्लीतल्या पोट्ट्याइले शिव्या देल्त्या, माह्या साफ कोठ्यात बोरं खाऊन फेकतात म्हणून. अन् माय त्या बिया लेंड्यासकट टोपलीत गोळा करे अन् नाल्यापलीकडच्या त्या बोडख्या अंगावर टाकून ये. आज संध्याकाळी दाखवलं मले. दगडाइच्या मधात, गुडघ्याएवढे बोराचे झुडपं. मी मोजले नाई. ज्या उघड्या डोंगरासाठी मी कोठा बांधला, तिथी माह्याच बकऱ्या झाडं लावून राह्यल्या होत्या, अन् मी त्याइले कुलपात ठेवून समाधानी होती.

"माय, तू सांगतलं काहून नाई मले?"

"सांगतलं होतं. तू कुलूप आणलं."

ते रागावली असती तं बरं झालं असतं. ते फक्त म्हणाली, "तुह्यं सारं खोटं नाई वं. पावसाळ्यात, जवा नवीन कोंब येते, तवा चार महिने कोठाच बरा. मी तवा नेतही नोती. पण उन्हाळ्यात डोंगर वाळून उभा ठेवायचा अन् खाली आपण झोपायचं, असं कसं चालते?"

मी एकदम आठवून पाह्यलं. पावसाळ्यात दूध येत नसे मोठीमायकडून. तवा कुटार बकऱ्याच खात होत्या.

तं म्हणून आत्ता लिहून राह्यली. माह्ये सारे व्हिडिओ तिथीच हायेत, काढले नाई. काढले तं तुम्हाले समजणार नाई मी काय काय सांगतलं होतं. ते बोकडं माह्या कुटारानं नाई वाढले. ते मायनं वाढवले, डोंगरावर, माह्या पाठीमागं. जिनं जिनं माह्यं ऐकून कुलूप लावलं, तिनं ते आज काढा. निदान चाबी घरी ठेवा. मोकळं सोडा असं नाई म्हणत मी, डोंगर बोडखा होते हेही खरं हाय. पण तुमच्या गावात असा पट्टा चारायची रीत असन, तं ज्या म्हाताऱ्या बाईले ते माहीत हाय तिले जाऊन विचारा, कुठून कुठपर्यंत, कोणत्या महिन्यात. आमच्या गावातल्या ज्या दोन-तीन घरांनी माह्यामुळं बकऱ्या बांधल्या, त्याइच्याकडं मी उद्या सकाळी स्वतः जाणार हाय. मले शिव्या पडतीन. पडू दे.

कोठ्याचं दार उघडंच हाय आता, कुलूप नाल्यात फेकलं. म्हातारीच्या गळ्यात घुंगरू परत बांधलं, मघाशी माय बांधत होती तवा मी कंदील धरला. अन् मायनं मले विचारलं, "सकाळी येतेस काय पट्ट्यावर? का क्लास हाय?"

क्लासले दांडी.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरी झालं काय असं? का तुम्ही जोरात सांगत फिरत होत्या माह्यं असं, माह्यं तसं, अन् घरातलंच कोणीतरी चूपचाप, तार सोडून, तुमची चूक सांभाळून घेत होतं? अन् तुम्हाले कधी समजलं ते?